दहावीच्या वर्षी शाळा बंद पडली आणि परीक्षेचं नक्की नसलं, तर वर्गशिक्षकाने काय करावं?

तुझा प्रश्न मी दोनदा वाचला. तू लिहितेस, ‘मी २०२१ ला बारावी झाले, बोर्डाचा एकही लेखी पेपर न देता. आता बी.एड. संपत आलंय, सोलापुरातल्याच एका माध्यमिक शाळेत इंटर्नशिप चालू आहे. मूल्यमापनाच्या तासाला विषय निघाला की पुन्हा साथ आली, शाळा बंद झाल्या आणि वार्षिक परीक्षेचं काही खरं नसलं, तर दहावीच्या वर्गशिक्षकाने काय करायचं? कुणालाच धड सांगता आलं नाही. आणि मनातलं एक विचारते: आमचे मार्क खरे होते का?’

मी एकतीस वर्षं गणित शिकवलं. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी दहावीची वर्गशिक्षिका होते, दुसऱ्या वर्षी शाळेच्या निकाल समितीवरही होते. आमची शाळा सोलापूरच्या पूर्व भागात. मुलांच्या घरी यंत्रमाग नाहीतर विडी. घरात तेलुगू, शाळेत मराठी. त्यामुळे मी सांगते ते या वस्तीतलं आहे. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, स्वतंत्र खोली आणि लॅपटॉप असलेल्या मुलांचं वेगळं असेल.

उत्तर आधी सांगते. परीक्षा रद्द झाली म्हणून माझी मुलं गळाली नाहीत. ती होणार की नाही हे महिनोन्‌महिने कळलं नाही, त्यात गळाली. परीक्षा घेणं न घेणं तुझ्या हातात कधीच नसेल. मुलाच्या हाताला दर आठवड्याला काम देणं आणि त्या कामाची तारीखवार नोंद ठेवणं मात्र तुझ्या हातात असेल. तेवढं केलंस तर परीक्षा झाली तरी मूल तयार असतं आणि नाही झाली तरी त्याला प्रामाणिक मार्क देता येतात.

आता हे मी कशाच्या जोरावर म्हणते ते सांगते.

२०२० ची बॅच जवळजवळ पार पडली होती. ३ मार्चला परीक्षा सुरू झाली, शनिवारी २१ तारखेला इतिहास-राज्यशास्त्राचा पेपर झाला. सोमवारी २३ ला भूगोल, चाळीस मार्कांचा, की सुटली मुलं. शनिवारीच कळलं की सोमवारचा पेपर पुढे ढकललाय. रविवारी जनता कर्फ्यू, आणि दोन दिवसांत सगळा देश बंद. भूगोलाचा पेपर रद्द झाल्याचं जाहीर झालं १२ एप्रिलला. सोलापूरकरांना ती तारीख दुसऱ्याच कारणाने लक्षात आहे, त्या दिवशी शहरात पहिला रुग्ण सापडला.

म्हणजे एका पेपरसाठी तीन आठवडे. माझ्या वर्गातली एक मुलगी शेळगीच्या बाजूला राहायची. तिने त्या तीन आठवड्यांत ब्राझीलचे आणि भारताचे नकाशे भरून अख्खी दोनशे पानी वही संपवली. नद्या निळ्या, सीमा काळ्या, स्टेन्सिलच्या कडेने दाबून दाबून पेन्सिल फिरवलेली. हॉलतिकीट कंपासपेटीत घडी करून ठेवलेलं. पेपर रद्द झाला म्हणून मी फोन केला तर ती आधी काही बोललीच नाही. मग म्हणाली, ‘बाई, मग हे कुणाला दाखवू?’ तिला बाकीच्या पेपरांच्या सरासरीने भूगोलाचे मार्क मिळाले. नियम सगळ्यांना सारखा होता आणि त्या परिस्थितीत दुसरा काही मार्ग मला तरी दिसत नाही. पण ती वही मी जून महिन्यात मागवून घेतली, पान न पान तपासलं, खाली सही केली. त्याचा एकही मार्क कुठे धरला गेला नाही. तरी ते करायलाच हवं होतं असं मला आजही वाटतं. मुलाने केलेलं काम बघणारं कुणीतरी लागतं.

२०२१ ची गोष्ट याहून फार वाईट. त्या मुलांनी दहावीचं वर्ष सुरू झालं तेव्हा शाळेचा दरवाजाच पाहिला नाही. २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीचे वर्ग उघडायला परवानगी मिळाली, पण पालकांचं संमतीपत्र हवं. आमच्याकडे सुरुवातीला वर्गात अर्धीसुद्धा मुलं नव्हती. परीक्षेचं वेळापत्रक आलं: बारावी २३ एप्रिलपासून, दहावी २९ एप्रिलपासून, ऑफलाइनच. मुलं अभ्यासाला लागली. १२ एप्रिलला दोन्ही पुढे ढकलल्या, दहावी जूनमध्ये म्हणाले. १४ ला सीबीएसईची दहावी रद्द झाली, तेव्हा आमच्या मुलांचे फोन सुरू झाले की आपलं काय. २० एप्रिलला आपलीही दहावी रद्द. मग मार्क कसे देणार? ते ठरलं २८ मे रोजी. मध्ये प्रकरण उच्च न्यायालयात गेलेलं, त्यामुळे रद्द झालेली परीक्षा पुन्हा घेतात की काय ही धास्ती वेगळीच. १६ जुलैला निकाल लागला, ९९.९५ टक्के. वाटलं संपलं. तर अकरावी प्रवेशासाठी २१ ऑगस्टला ऐच्छिक सीईटी! मुलांनी परत पुस्तकं काढली. १० ऑगस्टला उच्च न्यायालयाने ती सीईटी रद्द केली.

तुझं स्वतःचंही तेच झालं. तुमची बारावी रद्द झाली ३ जूनला, निकाल लागला ३ ऑगस्टला. त्या दोन महिन्यांत तू काय करत होतीस ते आठव, मग मी काय म्हणते ते तुला माझ्यापेक्षा चांगलं कळेल.

या अधांतरी महिन्यांत घरांमध्ये काय घडतं ते लांबून दिसत नाही. फेब्रुवारीत मी एका घरी गेले होते. दारातच आई सुपात पान-तंबाखू घेऊन बसलेली, शेजारी मुलगी, तिच्याही मांडीवर सूप. मुलगी माझ्या वर्गातली, गणितात पहिल्या पाचात. आईने हात न थांबवता विचारलं, ‘बाई, परीक्षा हाय का न्हाई तेवढं सांगा. हाय म्हणत असाल तर हिला उठवते. न्हाई म्हणत असाल तर बसू द्या, हजार विड्या होत्यात दोघींच्या मिळून.’ ती बाई कठोर नव्हती. नवऱ्याचा माग बंद होता, घर तिच्या सुपावर चाललं होतं. मला ‘आहे’ असं ठामपणे म्हणता आलं नाही, कारण मलाच माहीत नव्हतं. ते न म्हणता येणं मी विसरलेले नाही.

तारीख पक्की असते तेव्हा गरिबातल्या गरीब घरात दहावीच्या मुलाला सवड मिळते. आजी पाहुण्यांना सांगते, ‘औंदा दहावी हाय तिची.’ तारीख गेली की ती सवडही जाते. पोरगा मागाच्या सुताच्या कांड्या भरायला जातो, नाहीतर एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात घडी-पॅकिंगला. पोरीसाठी स्थळ बघायला लागतात. माझ्या वर्गातल्या एका मुलीचं त्या उन्हाळ्यात ठरलंच होतं. वय सोळाही पूर्ण नव्हतं. आम्ही तिघी शिक्षिका घरी जाऊन बसलो, कायदाही सांगितला आणि हातही जोडले. थांबलं. दुसरीचं कळलं तेव्हा ती गावाकडे जाऊन लग्न होऊन गेली होती. तिचा निकाल माझ्याकडे तसाच पडून राहिला, पास.

म्हणून शाळा बंद झाली की पहिल्या आठवड्यात करायची गोष्ट ही की घरात सांगता येईल अशी एक पक्की तारीख निर्माण कर. बोर्डाची नसेना का, तुझी. ‘दर शनिवारी अकरा वाजता बाईंना कागद द्यायचा.’ आमच्याकडे ही सोय आयती झाली. आठवीपर्यंतच्या मुलांना पोषण आहाराचं कोरडं धान्य शाळेतून वाटायचं होतं, पालक ते न्यायला यायचे. त्यांच्याबरोबर गल्लीतल्या दहावीच्या मुलांसाठी एकेक कागद पाठवायला सुरुवात केली. एका बाजूला चार गणितं, दुसऱ्या बाजूला विज्ञानाच्या बाईंचे तीन प्रश्न. पुढे धान्य नसलं तरी शनिवार चालू राहिला. आलेले कागद दोन दिवस लोखंडी पेटीत ठेवायचे, सोमवारी रात्री तपासायचे. तेव्हा कागदालाही हात लावायची भीती होती.

ऑनलाइन तास घेऊ नकोस असं मी म्हणत नाही, आम्हीही घेतले. पण त्रेचाळीस मुलांच्या वर्गात जेमतेम पंधरा-सोळा दिसायची. घरात मोबाइल एक, तो वडिलांबरोबर बाहेर. संध्याकाळी आला तर दोन भावंडांत ओढाताण, आणि रिचार्ज संपलेला. ज्याच्या घरात माग चालू, त्याने माइक उघडला की खटखटीत माझंच बोलणं मला ऐकू यायचं नाही. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड ही कल्पना आपल्याच जिल्ह्यातली. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतून रणजितसिंह डिसले गुरुजींनी ती सुरू केली, आणि ३ डिसेंबर २०२० ला त्यांना ग्लोबल टीचर पुरस्कार जाहीर झाला तेव्हा आम्ही घरातल्या घरात टाळ्या वाजवल्या. पण तो कोड उघडायलाही फोन लागतो. फोन नसलेल्या मुलाचं उत्तर मला नीलमनगरात दिसलं. तिथल्या आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी वस्तीतल्या घरांच्या बाहेरच्या भिंतींवर पाठ रंगवले, मुळाक्षरांपासून गणिताच्या सूत्रांपर्यंत. पाणी भरायला निघालेलं मूल वाटेत सूत्र वाचतं. साथीत शिकवायचं म्हणजे मूल जिथे आहे तिथे मजकूर पोचवायचा, एवढंच त्यातलं तंत्र. तुझ्या वर्गाला कागद पोचेल, फोन पोचेल की भिंत, हे पहिल्या आठवड्यात एकेका मुलाच्या नावासमोर लिहून काढ. अंदाजाने नको, फोन करून विचार.

आता नोंदीचं. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण २०२१ ला शाळांची खरी परीक्षा झाली ती इथे.

दहावीचं सूत्र असं होतं: शंभरातले ३० गुण दहावीच्या वर्षातल्या शाळेच्या लेखी मूल्यमापनाला, २० गुण गृहपाठ, तोंडी, प्रात्यक्षिकाला, आणि ५० गुण नववीच्या निकालाला. ऐकायला ठीक वाटतं. पण या मुलांची नववी कुठली? २०१९-२०. त्या वर्षी नववीची वार्षिक परीक्षाच झाली नव्हती, तीही साथीने रद्द. निकाल प्रथम सत्रावर लावलेला. म्हणजे जुलै २०२१ च्या दहावीच्या निकालातले अर्धे मार्क २०१९ च्या दिवाळीआधी दिलेल्या सहामाहीवर उभे होते. सहामाही मनावर कोण घेतं? मुलं नाही, आणि खरं बोलायचं तर आपणही नाही. माझ्या वर्गातला एक मुलगा सहामाहीला टायफॉइडने आजारी होता. दोन वर्षांनी ते मार्क त्याच्या दहावीत येऊन बसले.

राहिले पन्नास. ज्या शाळांकडे वर्षभराच्या नोंदी नव्हत्या, त्यांनी जूनमध्ये बसून आकडे भरले. काही ठिकाणी सगळ्यांना वीसपैकी वीस पडले हे मला माहीत आहे. त्याने कुणाचं भलं झालं नाही, कारण रात्रंदिवस राबलेल्या मुलाचे वीस आणि कागदच न आणलेल्या मुलाचे वीस सारखे दिसायला लागले. आमच्या समितीतही एकदा हा विषय निघाला. तेव्हा मी पेटीतले शनिवारचे कागद टेबलावर ठेवले. प्रत्येक मुलाचा गठ्ठा सुतळीने बांधलेला, सगळ्यात जाड सत्तावीस कागदांचा, सगळ्यात बारीक चारांचा. मग कुणी काही बोललं नाही. चार कागदवाल्या मुलाला आम्ही बोलावून घेतलं, तोंडी घेतली, आणि त्याला जे येत होतं त्याचे मार्क दिले. पास झाला, पण वीस नाही.

तू नोंद ठेवशील तेव्हा मार्कांच्या रकान्याशेजारी एक ओळ लिहायची सवय लाव. ‘वर्गसमीकरण: अवयव पाडता येतात, सूत्रात चिन्ह चुकतं.’ असल्या ओळीमुळे सहा महिन्यांनी ते मूल डोळ्यांसमोर उभं राहतं. नुसत्या ‘७’ ने नाही राहत.

आणि घरून आलेलं उत्तर मुलाचंच आहे का? हा प्रश्न तुझ्या तासाला नक्की आला असेल. त्याला उपाय पाच मिनिटांचा फोन. पूर्ण गणित विचारायचं नाही. त्याने लिहिलेल्या उत्तरातली एकच पायरी धरायची: ‘तिसऱ्या ओळीत उणे कुठून आलं?’ ज्याने स्वतः केलंय तो अडखळत का होईना सांगतो. ज्याने उतरवलंय तो गप्प होतो किंवा पुढची ओळ वाचून दाखवतो. गप्प झालेल्यावर रागवायचं नाही. तेच गणित आकडे बदलून पुढच्या शनिवारी द्यायचं. बहुतेक मुलं दुसऱ्या वेळी स्वतः करतात, कारण फोन येणार हे त्यांना कळलेलं असतं.

परीक्षेबद्दल मुलांना काय सांगायचं? जेवढं शासनाने किंवा मंडळाने लेखी काढलंय तेवढंच. आमच्या ग्रुपवर दर दोन दिवसांनी बनावट वेळापत्रक फिरायचं, एकदा तर कुठल्या तरी जुन्या वर्षाचं. मी ठरवून टाकलं होतं, रोज संध्याकाळी सात वाजता एक निरोप पाठवायचा: ‘आज परीक्षेबाबत नवीन काही नाही. शनिवारचा कागद आहे.’ नवीन काही नाही हे सांगायलाही रोज माणूस लागतं. एका पालकाने पुढे मला सांगितलं की सातचा निरोप आला की घरातलं भांडण थांबायचं.

सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसणारी आणि मागे राहिलेले विषय देणारी मुलं अशा वेळी कुणाच्याच यादीत नसतात. तुझ्या शाळेतून अर्ज गेला असेल तर ती तुझी समज.

आता तुझ्या मनातलं. तुमच्या बारावीच्या निकालात दहावीचे ३० टक्के होते, अकरावीचे ३० आणि बारावीच्या अंतर्गत कामाचे ४०. अकरावी म्हणजे पुन्हा तेच, २०१९-२० चं अर्धं वर्ष. पण तुझी दहावी कुठली? मार्च २०१९. त्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले गुण काढून टाकले होते, अभ्यासक्रम नवा होता, आणि राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ वरून ७७.१० टक्क्यांवर आला होता. तुम्हाला ‘कोरोना बॅच’ म्हणणाऱ्यांना हे आठवत नाही. तुझ्या बारावीच्या मार्कांतला तीस टक्के पाया त्या कडक निकालाचा आहे. उरलेले मार्क तुझ्या कॉलेजने किती प्रामाणिकपणे नोंदी ठेवल्या त्यावर अवलंबून, ते तुझं तुला माहीत. ज्यांना आपला निकाल पटला नाही त्यांना श्रेणीसुधारची, म्हणजे परीक्षा देऊन मार्क वाढवायची संधीही ठेवलेली होती. आणि त्यानंतर तू पदवीचे पेपर दिलेस, बी.एड.ची प्रवेश परीक्षा दिलीस. मुलाखतीत कुणी विचारलं तर मान खाली घालू नकोस. २०१९ चं गुणपत्रक वर ठेव आणि हिशोब सांग.

एक नुकसान मात्र खरं झालं आणि ते मार्कांत दिसत नाही. २०२२ ला परीक्षा पुन्हा हातात पेन घेऊन झाली, दहावी १५ मार्चपासून, ज्याच्या त्याच्या शाळेत, पंचवीस टक्के अभ्यासक्रम कमी करून आणि मोठ्या पेपरांना अर्धा तास जास्त देऊन. मी पर्यवेक्षणाला होते. मार्चचं आपल्याकडचं ऊन, तोंडाला मास्क, आणि मुलं तासाभरातच पेन खाली ठेवून मनगट चोळायला लागलेली. उत्तर येत होतं, हात चालत नव्हता. दोन वर्षं त्यांनी सलग दोन पानं लिहिलेली नव्हती. आम्ही जानेवारीत हे ओळखून रोज वीस मिनिटं नुसतं लिहायला बसवत होतो, तरी कमी पडलं. शाळा बंद असताना पहिल्या दिवसापासून मुलांना रोज हाताने एक पान लिहायला लाव. विषय कुठलाही चालेल, पेपरातली बातमी उतरवली तरी चालेल.

माझी २०२१ ची नोंदवही अजून माझ्याकडे आहे. मुलांची नावं झाकून तिच्या झेरॉक्स तुला देते, रकाने कसे आखले होते ते त्यात दिसेल. मराठीच्या बाईंनी तोंडी परीक्षेसाठी वेगळा तक्ता केला होता, तो माझ्यापेक्षा सरस आहे. त्यांना विचारून तोही घेते. तुझ्या इंटर्नशिपच्या वर्गात आत्ताच, शाळा सुरू असतानाच, एखाद्या घटकापुरता शनिवारचा कागद करून बघ. कुठल्या मुलाचा गठ्ठा बारीक राहतो ते पहिल्या महिन्यातच कळेल. त्या मुलाच्या घरी जाऊन ये.